वरचीने नेलेलं गाणं

आमच्या वसतिगृहात जिन्याजवळच्या खोलीत रविवारी संध्याकाळी ग्रामोफोन लावायची परवानगी असते. मध्यंतरी कुणीतरी टूम काढली की प्रत्येकीने आपल्या आवडत्या गाण्याची तबकडी लावायची आणि ते ऐकताना काय आठवतं ते सगळ्यांना सांगायचं. मुली भराभर बोलल्या. एकीला आत्याचं लग्न आठवलं. एकीला कोल्हापूरचं नाटकगृह आणि तिथे पदरात घेऊन खाल्लेले शेंगदाणे. एक जण सांगता सांगता रडली आणि रडल्याबद्दल स्वतःच हसत सुटली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मला गाणी फारशी आवडत नाहीत."

"अगं, एखादं तरी असेल!"

"नाही."

"हिच्या जव्हारला वाघ असतात, गाणी कुठली?" कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि पाळी पुढच्या मुलीकडे गेली.

मला एक गाणं आवडतं. पण ते मला अर्धंच येतं. पहिलं कडवं येतं, दुसरं येत नाही, आणि ते दुसरं कडवं मिळावं म्हणून मी पुष्कळ धडपड केली. त्याची हकिकत तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. लिहिताना निदान कुणी मध्येच आग्रह करत नाही.

माझे वडील जव्हार संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत. मला मुलींच्या मिशन शाळेत पुण्याला ठेवलं होतं, म्हणून घरी मी सुटीपुरती असे. ग्रामोफोन बाबांनी आईसाठी मुंबईहून आणला. त्याचा कर्णा आतून तांबडा होता आणि जव्हारच्या धुक्याने त्यावर सारखा ओलसर थर येई; आई तो जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसत असे. तबकड्या मोजक्याच होत्या. बाबांना भजनं आवडत. आईला आवडे ते एक नाटकातलं पद. नायिका प्रियकरावर लटकी रागावली आहे आणि त्याला दारातून परत पाठवते आहे, असं काहीतरी. गाणारा अर्थातच पुरुष होता, पण आवाज असा की पुण्याच्या आमच्या मडमबाई ऐकत्या तर त्यांचा विश्वास बसला नसता.

लग्नाआधी आईने तिच्या भावाबरोबर नाशिकला ते नाटक पाहिलं होतं. आयुष्यात पाहिलेलं तेवढंच नाटक. गाणं लागलं की ती म्हणे, "नाटकगृहाबाहेर कडुलिंब होता. आत पात्रं गात होती आणि बाहेर पाऊस पडून गेलेला, त्या झाडाचा वास आत येत होता." प्रत्येक वेळी एवढंच. मी तेव्हा मोठी हुशार झाले होते. मी म्हणे, "कडुलिंबाला वास कुठे असतो?" आई म्हणे, "तुझ्या इंग्रजी झाडांना नसेल."

त्या तबकडीत एक खोट होती. पहिल्या कडव्यात 'अंगणी' असा शब्द आहे, तिथे सुई अडकत असे. अंगणी, अंगणी, अंगणी असं चालू व्हायचं. मग आई उजव्या हाताचं एक बोट पुढे करून सुईच्या दांडीला अगदी हलकं टोचायची, आणि गाणं पुढे जायचं. पुढे पुढे तिला इतकी सवय झाली की काम करता करता ती नुसतं गुणगुणत असली तरी 'अंगणी' तीनदा म्हणायची, आणि तेव्हा तिचं बोट पुढे व्हायचं, समोर पोळपाट असो की कणकेची परात.

चावी देणं माझं काम होतं. दांडा गोल गोल फिरवत राहायचं, आतली कमान घट्ट होत गेली की हाताला कळतं, तिथे थांबायचं. एका भरल्या चावीत एक बाजू पुरती वाजते. आईचा हात दुखे, म्हणून सुटीत दांडा माझ्या ताब्यात. सुटी संपली की बाबा चावी देत. बाकी कुणी त्या यंत्राला हात लावायचा नाही असा बाबांचा नियम होता. औषधाच्या बाटल्या, दवाखान्याच्या कात्र्या आणि ग्रामोफोन यांना घरातल्या गडीमाणसांनी शिवायचं नाही. एका गड्याने एकदा कमान तोडली होती, तेव्हापासूनचा नियम.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई होती. सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची. नवऱ्याच्या पायाला कुऱ्हाड लागली म्हणून त्याला डोलीत घालून ती जव्हारला दवाखान्यात घेऊन आली, तो बरा होईपर्यंत आमच्या पडवीत राहिली, आणि मग राहूनच गेली. नवरा परत वर गेला. ती भाताच्या लावणीला आणि कापणीला तेवढी जायची. वरून आलेली म्हणून घरात सगळे तिला वरची म्हणत. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. ती आम्हा सगळ्यांना तू म्हणे, बाबांनासुद्धा. वाड्यातून महाराज आले असते तर त्यांनाही तू म्हणाली असती.

ग्रामोफोन पहिल्यांदा ऐकून ती घाबरली असेल असं कुणालाही वाटेल. ती मुळीच घाबरली नाही. ती दाराशी उभी राहिली, गाणं संपेपर्यंत ऐकलं, आणि आईला विचारलं, "ह्या कवाचा?"

"कधीचं म्हणजे?" आई म्हणाली. "जुनं नाटक आहे."

"तसा नाय. कवा म्हनाचा? लावनीत, का लग्नात, का कवा?"

आई हसली. "हे कधीही लावायचं. वाटलं की लावायचं."

"कवाबी?" वरचीला हे पटेना. "पावसातबी नि थंडीतबी?"

"हो."

"मंग गान्याला कसा कळल काय चाललाय ता?"

तिच्याकडे प्रत्येक गाण्याला वेळ होती. लावणीचं गाणं चिखलात पाय असतानाच, लग्नातलं मांडवातच. एकदा मी तिला म्हटलं, तुमच्या लग्नातलं एखादं गाऊन दाखव. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला भर उन्हात घोंगडी पांघरायला सांगितलं आहे. "कुनाचा लगीन हाय?" ती म्हणाली. "तुझा हाय का? नवरा दाव, मंग गाते." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तो ठसका पुष्कळ वेळ थांबला नाही. आठवायला गेलं तर आईचा खोकला मला पहिल्यांदा आठवतो तो तिथे.

पुढच्या पावसाळ्यात आई क्षयाने अंथरुणाला खिळली. मला काही सांगितलं नव्हतं. रस्ते बंद आहेत, या सुटीत पुण्यालाच राहा, एवढा निरोप बाबांनी पाठवला. ते डॉक्टर होते. मला ती लागण होऊ नये म्हणून त्यांनी मला दूर ठेवलं हे आज मला कळतं, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. शाळेत आम्हाला पियानोवर प्रार्थनागीतं शिकवत होते. मी बोटं मोजून वाजवत होते. त्याच दिवसांत जव्हारला आई माजघराच्या खिडकीजवळ पडून होती आणि वरची त्या वर्षी लावणीला गेली नाही.

मी घरी आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ग्रामोफोन पेटीत बंद होता. आईच्या आवडीची तबकडी तुकडे होऊन कर्णा पुसायच्या त्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवली होती. "तिच्याच हातून पडली," बाबा म्हणाले. "दुपारच्या वेळी लावायची. रोज लावायची." यापलीकडे त्या पावसाळ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची पद्धत आहे, ती मी त्यांच्याकडूनच घेतली. वरची तोवर आपल्या पाड्यावर निघून गेली होती.

शाळा संपवून मी कायमची घरी आले आणि मला घराच्या शांततेत पहिल्यांदा कळलं की ते गाणं माझ्यापाशी पुरतं नाही. पहिलं कडवं येत होतं, अडकण्यासकट. दुसऱ्याची चाल वर चढते एवढं आठवे, पुढे काही नाही. मी तुकडे जुळवून पाहिले. नाशिकच्या मामांना सांगितलं. ते मुंबईच्या दुकानांतून विचारून आले, ती तबकडी आता येत नाही म्हणाले. मामांना स्वतःला ते नाटकच आठवत नव्हतं, कडुलिंब तर नाहीच.

दुसऱ्या कडव्याचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. आईचा तो शेवटचा पावसाळा मला मिळाला नव्हता. त्यात ती काय बोलली, काय खाल्लं, कुणाला हाक मारली, काही माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की ती रोज दुपारी ते गाणं ऐकत होती. ते पूर्ण हाताशी आलं तर त्या खोलीत थोडा वेळ तरी बसता येईल असं मला वाटत होतं.

आणि त्या खोलीत आणखी एक जण होती. तिने ते रोज ऐकलं होतं.

वरची बाजाराच्या दिवशी हिरडे आणि मध घेऊन जव्हारला येते असं मला समजलं. मी बाजारात गेले. एकटीने बाजारात उभं राहणं मला अवघड जातं. लोक डॉक्टरांची मुलगी म्हणून बघतात आणि मग मला हातांचं काय करावं ते सुचत नाही. ती पिंपळाखाली बसली होती. खूप वाळली होती. मला पाहून म्हणाली, "बाय, तू तं आयसवानी दिसाय लागलीस. ती जाडी होती तवाच्यावानी."

मी तिला घरी आणलं. ती पूर्वीसारखीच ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली. मी चहा केला. बाबा दवाखान्यातून येऊन आत आडवे झाले होते, त्यांना त्या दिवसांत ताप येत होता. तिने चहा फुंकून फुंकून प्यायला. मी सरळ विचारायचं ठरवलं होतं, तरी पाड्याचं, भाताचं, तिच्या मुलाचं विचारत राहिले. शेवटी म्हटलं, "आईचं ते गाणं तुला येतं का?"

"येतं ना," ती म्हणाली. "पाड्यावर समद्या बायांना येतं. मीच शिकवला."

मला आनंद झाला, आणि थोडं विचित्रही वाटलं. आईचं नाटकातलं पद सूर्यमाळच्या पाड्यावर. "मला म्हणून दाखव ना. मला पुढचं येत नाही."

"ता आता नाय म्हनाचा."

"का?"

तिने कप खाली ठेवला. "त्याची येल नाय."

तिच्या पद्धतीचा मला विसर पडला होता. मला वाटलं, लावणीचं केलं असेल, किंवा लग्नाचं. लटकं रागावणं लग्नात शोभलं असतं. ती वेळ येईल तेव्हा मी वर येईन, असं काहीतरी मी म्हणाले, आणि तिला आठवण व्हावी, तिने नकळत सूर मिळवावा म्हणून हळूच पहिली ओळ गुणगुणायला लागले.

ती उठली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला मधाचा आणि धुराचा वास होता.

"बा घरात हाय ना तुझा?"

मी मान हलवली.

"जिता हाय ना? मंग गप."

आतून बाबांनी विचारलं, "कोण आहे गं?"

"मी हाय, वरची," ती मोठ्याने म्हणाली. "तुझी पोर येडी झालीया, तिला समजावते." मग खाली बसून तिने मला हलक्या आवाजात सांगितलं. ते गाणं तिने ज्या दिवसांत ऐकलं, ते दिवस माणूस जाण्याचे होते. रोज दुपारी तेच, दुसरं काही नाही, आणि एक दिवस माणूस गेलं. तेव्हा गाण्याची वेळ कोणती ते तिला आपोआप कळलं. आता पाड्यावर कुणी गेलं आणि त्याचा दिवस केला की बाया ते म्हणतात. एरवी म्हणत नाहीत. घरात माणसं असताना म्हटलं तर गाणं त्यांच्यातलं कुणीतरी मागतं.

"पण ते तसलं गाणं नाही गं," मी म्हणाले. "ते हसण्याखेळण्याचं आहे. नाटकातलं आहे."

"आसंल," ती म्हणाली. "तू व्हतीस का तवा?"

तिने टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. मी नव्हते.

जाताना ती ओट्यावरून उतरली, टोपली डोक्यावर घेतली, आणि काही आठवल्यासारखी वळली. "तुला पायजेच हाय तं मिलंल," ती म्हणाली. "मी हाय ना."

मला वाटलं ती नुसती समजूत घालते आहे.

त्यानंतर मी ते गाणं मनातसुद्धा पुढे नेईनाशी झाले. मी काही अशा गोष्टी मानत नाही. मिशनच्या शाळेत आम्हाला तर्काने विचार करायला शिकवलं होतं. पण बाबा खोकले की माझ्या डोक्यातली ओळ आपोआप थांबे. त्यांचा ताप गेला. मी त्यांना भाताची पेज करून देत होते आणि घर गप्प आहे याचं मला बरं वाटत होतं.

उन्हाळ्यात सूर्यमाळला पाणी राहत नाही. बाया दरीत उतरून झऱ्यातलं पाणी वाटीने भरतात. त्या वर्षी खालच्या पाण्याने पटकी आली. हद्दीपलीकडचा मुलूख इंग्रजांचा, पण माणसं दवाखान्यात आमच्याच यायची, म्हणून बाबा औषधं घेऊन तिकडे गेले. परत आले ते चार दिवसांची दाढी वाढवून. जेवताना त्यांनी भाताचा घास हातात धरून ठेवला आणि म्हणाले, "तुझी ती वरची गेली. मी पोचायच्या आधीच."

तिकडे माणूस गेल्यावर त्याचा दिवस लगेच होतोच असं नाही. गावाला जेवण घालावं लागतं, आणि उन्हाळ्यात कणगीत काही नसतं. भात आणि नागली घरात आली की करतात. कापणी संपल्यावर वरचीचा मुलगा आमच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला. बाबांएवढा उंच, मिशा फुटलेला माणूस, स्वतः बाप झालेला. तो बाबांशी न बोलता माझ्याशी बोलला.

"आयसचा दिस हाय. तिनं सांगून ठेवलेला, डाक्टरच्या पोरीला बोलवा. तिला तिच्या आयसचा गाना ऐकाचाय."

बाबा म्हणाले, "कसलं गाणं?"

"तिच्या पेटीतला," तो म्हणाला.

मला वाटलं बाबा नको म्हणतील. ते उठले आणि म्हणाले, "गाडी मोखाड्यापर्यंत जाईल. पुढे चालावं लागेल. मी येतो बरोबर."

मोखाड्याला ओळखीच्या एका कारकुनाकडे मुक्काम केला आणि सकाळी चालायला लागलो. थंडी होती. खाचरांत कापलेल्या भाताची खुंटं राहिली होती. बाबा मध्येच थांबून, इथे अमक्याला सलाइन द्यायला पाहिजे होतं, तिथे अमकी वाचली, असं सांगत होते.

दुपारी पाड्यावर पोचलो. वरचीचं घर कुडाचं, अंगण नुकतंच सारवलेलं. मध्ये धान्याची रास घातली होती. एक म्हातारा दोन भोपळ्यांचं तारेचं वाद्य घेऊन बसला होता आणि गेलेल्या माणसाला वाट दाखवणारी त्यांची जुनी गाणी म्हणत होता. ती खूप वेळ चालली. आम्हाला बसायला घोंगडी दिली. पोरांनी माझ्या बुटांकडे पाहून घेतलं. मग म्हातारा थांबला आणि बाया उठल्या. वरचीची सून पुढे झाली. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे आता.

सुरू झालं तेव्हा मला ओळखायला एक क्षण लागला. शब्द पुष्कळसे झिजले होते, काही त्यांच्या बोलीतले झाले होते. पण चाल तीच. नाशिकच्या त्या नाटकगृहातली. बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून डुलत म्हणत होत्या. मग 'अंगणी' आलं, आणि ते त्यांनी तीनदा म्हटलं. अंगणी, अंगणी, अंगणी. आणि सगळ्या बायांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरींनी, उजवा हात सोडवून एक बोट पुढे केलं आणि हवेत अगदी हलकं टोचलं. मग गाणं पुढे गेलं.

बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी ते पाहिलं. त्यांचा हात गुडघ्यावर होता, त्याची त्यांनी मूठ वळली.

आता दुसरं कडवं येणार म्हणून मी अंग आवरून बसले. ते आलंही. चाल वर चढली. मला आठवत होतं त्याप्रमाणेच चढली. आणि चढता चढताच बाया हळू झाल्या. मला वाटलं दमल्या. पण त्या सगळ्या मिळून हळू होत होत्या. शब्द लांबत चालले. आवाज खाली उतरत गेला, बायांचा आवाज पुरुषांसारखा जाड होत गेला, घोगरा झाला, एकेक अक्षर ओढल्यासारखं येऊ लागलं, आणि एका शब्दाच्या मधोमध सगळ्या थांबल्या. कुणी पुढचं म्हटलं नाही. म्हाताऱ्याने वाद्याला हात लावला आणि पुन्हा आपली गाणी सुरू केली.

चावी संपली की ग्रामोफोनचं असंच होतं.

मी सुनेला विचारलं, "पुढचं?"

"पुढचा नाय," ती म्हणाली. "तवढाच हाय. सासूनं तवढाच शिकवला. आसा बुडत बुडत जाचा म्हनाली, नि मंग गप."

वरचीने जे ऐकलं तेच आणलं होतं, त्यात आपल्या पदरचं काही घातलं नव्हतं. त्या पावसाळ्यात आईच्या हातात जेवढी चावी फिरवायची ताकद होती, तेवढंच गाणं वाजत होतं. पहिलं कडवं, अडकलं की बोट, दुसऱ्याचा थोडा चढ, आणि मग ते बुडत जायचं. रोज. दाराशी वरची उभी असायची, जिने त्या यंत्राला हात लावायचा नव्हता, आणि आईने तो नियम मोडायला तिला सांगितलं नाही. दुसरं कडवं आईनेही त्या दिवसांत ऐकलं नव्हतं.

जेवायला नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं होतं. बाबा जेवले. कुणाच्या तरी लेकराचं पोट तपासलं, पाणी उकळून प्या म्हणून पुन्हा बजावलं. उतरताना ते माझ्या पुढे चालत होते. उतार संपत आला तिथे ते मागे न वळता म्हणाले, "मी सकाळी दवाखान्यात जाताना पूर्ण चावी देऊन जात असे."

मी पायाखालचा दगड चुकवून उतरले.

"रोज देत असे," ते म्हणाले.

एका चावीत एक बाजू वाजते. जाताना ते भजन लावून जात असणार, आणि त्यातच ती संपत असणार. दुपारची चावी आईला तिची तिलाच द्यावी लागत असणार. हे त्यांना सांगायची गरज नव्हती. यंत्र त्यांनीच आणलं होतं. ते पुढे चालत राहिले आणि मी मागून त्यांची छत्री धरून चालत राहिले. छत्रीचं काम नव्हतं, पण त्यांनी ती माझ्या हातात दिली होती.

घरी आल्यावर बाबांनी ग्रामोफोन पेटीतून काढला, कर्णा पुसला, आणि पुन्हा ठेवून दिला. पुढच्या वर्षी मला इथे मुंबईला शिकायला पाठवलं. त्या गाण्याबद्दल आम्ही बोलत नाही. त्यांच्या पत्रांत हवापाणी असतं आणि दवाखान्यात कोण आलं गेलं ते असतं.

त्या रविवारी सगळ्यांची गाणी झाल्यावर माझी खोलीतली सोबतीण बाजूला येऊन म्हणाली, "तबकडी नसेल तर नुसतं गुणगुण ना. मला एकटीला ऐकव. मी कुणाला सांगणार नाही." ती चांगली मुलगी आहे. तिला मी ते ऐकवलंही असतं, बोट पुढे करून, बुडत बुडत जिथे थांबतं तिथपर्यंत.

मी म्हटलं, "येत नाही." बाबा अजून आहेत.